भिंतीआडचे इतिहासकार

हाती शस्त्र घेऊन लढणे म्हणजेच प्रतिकार, अशी आपली सामान्यतः समजूत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधील वॉर्सा शहरी ज्यू लोकांनी जे केले ते पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे, हे ध्यानी येते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. पुढील वर्षी वॉर्सातील ज्यूंना शहराच्या एका भागात राहण्याची सक्ती झाली, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये दहा फूट उंचीच्या भिंतीने तो भाग कोंडून टाकण्यात आला. या कोंडवाड्यास 'घेटो' म्हणत. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून अधिक माणसे! एकेका खोलीत सरासरी सात. शिधा असा तुटपुंजा की, त्यावर प्राण तगणे अशक्य. लहान मुले भिंतीतील भगदाडांतून बाहेर जात आणि कपड्यांत बटाटे व पाव लपवून आणीत. पकडले गेल्यास गोळी खावी लागे. १९४२ च्या मध्यापर्यंत भूक व रोगराई यांनी ऐंशी हजारांवर बळी घेतले.

तरीही तेथे चोरून वर्ग भरत, पुस्तके वाचली जात. यानुश कोर्चाक हे वैद्य व बालसाहित्यिक तेथील अनाथाश्रम चालवीत. जुलै १९४२ मध्ये त्यांच्या मुलांनी आपल्या रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक करून दाखविले. पुढच्याच महिन्यात मुलांना मृत्यूकडे नेण्यात आले, तेव्हा कोर्चाक त्यांना सोडून राहिले नाहीत. तेही त्यांच्यासवे गेले.

याच घेटोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम नावाचे इतिहासकार होते. आपल्या लोकांची हकीकत केवळ शत्रूच्या लेखणीतून जगास कळू नये, म्हणून त्यांनी एक गुप्त मंडळ स्थापिले. रोजनिशा, मुलांचे निबंध, सरकारी जाहीरनामे, शिधापत्रिका, इतकेच काय, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनेही त्यांनी जमविली. कोणती वस्तू उद्या साक्ष देईल, हे आज कोणी सांगावे?

२२ जुलै १९४२ पासून दोनच महिन्यांत सुमारे २,६५,००० लोकांची ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत रवानगी झाली. त्या धुमाळीत, ऑगस्टच्या आरंभी, एका शिक्षकाने व त्याच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी दहा पत्र्याच्या पेट्यांत ही कागदपत्रे भरून शाळेच्या तळघरात पुरली. ते दोघे तरुण विशीच्याही आतले होते. पुढे आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या बरण्यांत घालून तेथेच पुरण्यात आले.

१९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांना नेण्यास जर्मन सैन्य आले, तेव्हा मोर्देखाय आनिएलेविच यांच्या नेतृत्वाखाली काही शेकडा तरुणांनी पिस्तुले व घरगुती बाँब यांच्या बळावर त्यास तोंड दिले. जवळजवळ महिनाभर लढा चालला. शेवटी घरोघर आग लावून घेटो बेचिराख करण्यात आला. रिंगेलब्लूम यांनाही मार्च १९४४ मध्ये सहकुटुंब ठार करण्यात आले.

मंडळापैकी तिघेच वाचले. त्यांतील एकास जागा ठाऊक होती. १९४६ साली ढिगाऱ्यांखालून पेट्या निघाल्या, १९५० साली बरण्या. तिसरा साठा अद्यापि सापडलेला नाही.

विद्यार्थिमित्रहो, तोफांनी भिंती पडल्या, माणसे गेली. पण शाळेच्या तळघरातील कागदांनी मारणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. त्या कागदांत तुमच्याच वयाच्या मुलांनी लिहिलेले निबंधही आहेत. आपण वही उघडतो तेव्हा त्यांचे स्मरण ठेवावे, आणि जे खरे पाहिले ते खरे लिहिण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.