वजन उतरवताना किराणा किती वाढतो?

वजन कमी करायचं ठरलं की बऱ्याच घरांत पहिली गोष्ट होते ती खरेदी. ओट्स, चिया, क्विनोआ, ग्रीन टी आणि ओळखीच्या कुणीतरी आग्रहाने गळ्यात मारलेला पावडरचा डबा. यातलं काहीही न आणता, नेहमीच्या वाण्याकडच्या यादीतच फेरफार करून वजन उतरवायचं तर चार माणसांच्या घराला महिन्याला किती पडेल, त्याचा हा हिशेब. दर शहरांतल्या किरकोळ बाजारातले, ढोबळ धरले आहेत. गाव आणि हंगाम पाहून ते कमीजास्त करून घ्यावेत.

आधी टेप, मग काटा

सुरुवातीचा खर्च वीस-तीस रुपये, शिंप्याच्या टेपचा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर काट्यावरचा आकडा बरा दिसला तरी पोटावरची चरबी वाढलेली आहे. भारतीयांसाठी बीएमआय २३ला जादा वजन आणि २५ला लठ्ठपणा सुरू होतो.

काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहावं, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत घट ही सुरक्षित चाल. त्याहून वेगाचं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

तेल : महिन्याच्या पिशव्या मोजा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसं, तीस दिवस म्हणजे सव्वातीन किलो, लिटरमध्ये सुमारे साडेतीन. तुमच्याकडे पाच पिशव्या लागत असतील, तर दीड लिटर जास्त होतंय. तेवढं कमी केलं तर माणशी रोजच्या शंभरेक कॅलरी वाचतात आणि दीडशेच्या दराने महिन्याला सव्वादोनशे रुपये.

उपाय साधा आहे. किटलीतून थेट कढईत धार धरायची नाही, चमच्याने मोजून घालायचं. महिन्याचं तेल एकदाच आणून वेगळं ठेवावं आणि तेवढ्यातच महिना काढावा.

लाकडी घाण्याचं तेल दुप्पट किमतीला मिळतं. चवीसाठी जरूर घ्या, पण वजनासाठी त्याचा वेगळा फायदा नाही. कुठलंही तेल आणि तूप ग्रॅमला ९ कॅलरीच देतं. भाजी-आमटीतलं दाण्याचं कूटही हिशेबात धरा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

साखर : पैसे थोडे, फरक मोठा

वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेणारा चहातच ४० ग्रॅमवर जातो. अर्धी साखर केली तर रोजच्या ८० कॅलरी कमी होतात. पैसे म्हणाल तर महिन्याला माणशी पंचवीस-तीस रुपयेच वाचतील. साखर स्वस्त आहे म्हणूनच ती हात सैल सोडून पडते.

गूळ आणि मध महाग आहेत, पण वजनाच्या हिशेबात साखरेचेच भाऊबंद. साखरेऐवजी गोड गोळ्या वापरायच्या विचारात असाल, तर वजन ताब्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. (मधुमेह आधीपासून असलेल्यांसाठी तो सल्ला नाही.) चमचा हळूहळू कमी करणं हाच बिनखर्ची मार्ग. दर आठवड्याला पाव चमचा कमी केला, तर जिभेला फारसं कळत नाही.

भाकरी की पोळी?

ज्वारी, बाजरी, गहू कुठलंही पीठ घ्या, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपासच कॅलरी. भाकरीचा फायदा दुसरीकडे आहे. तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि लवकर पोट भरतं. पण एक मोठी भाकरी म्हणजे जवळपास दोन पोळ्यांचं पीठ, हे विसरून दोन भाकऱ्या चापल्या तर काट्यावर काहीच हलणार नाही. ज्वारी किलोला पन्नास-सत्तर रुपये, बाजरी त्याहून स्वस्त. क्विनोआच्या एका किलोत ज्वारीचा महिना निघतो.

ताट वाढायची पद्धत बदला : आधी कोशिंबीर आणि भाजी, मग आमटी किंवा उसळ, भात-भाकरी सगळ्यांत शेवटी आणि नेहमीपेक्षा थोडी कमी. पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. एकदम तिथे पोचणं खिशाला जड जाईल. आज घरात रोज सहाशे ग्रॅम भाजी होत असेल, तर एक किलोपर्यंत न्या. पन्नासच्या सरासरी दराने महिन्याला सहाशे रुपये वाढतील. हंगामातला मुळा, कोबी, दुधी आणि मेथीची जुडी घेतली तर त्याहून कमी.

दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात?

पोट जास्त वेळ भरलेलं राहावं म्हणून प्रथिनं हवीत. विकत घेताना भाव किलोचा न पाहता प्रथिनांचा पाहावा :

- हरभरे (किलो ९० रु.) : साडेचार रुपये
- शेंगदाणे (किलो १४० रु.) : साडेपाच रुपये, पण सोबत सव्वादोनशे कॅलरी
- तूरडाळ (किलो १४० रु.) : साडेसहा रुपये
- अंडी (७ रु. नग) : बारा रुपये
- दूध (लिटर ६० रु.) : एकोणीस रुपये
- पनीर (किलो ४०० रु.) : बावीस रुपये
- प्रोटीन पावडर (किलो अडीच हजार) : तीस रुपयांच्या वर

मटकी, मूग, हरभरे रात्री भिजत घाला आणि आठवड्यातून चार दिवस उसळ करा. मात्र पातळ वरणाचं पाणी पिऊन प्रथिनं मिळत नाहीत, आमटीत डाळ दिसली पाहिजे.

टपरी, फरसाण आणि उपवास

एका वडापावच्या कॅलरी तीनशेच्या आसपास. आठवड्याला चार खाणाऱ्याने एकावर आणले, तर महिन्याला अडीचशे रुपये आणि रोजच्या सरासरी सव्वाशे कॅलरी वाचतात. पाव लिटर शीतपेयाच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे दिवसाचा कोटा एका बाटलीत संपला. चारच्या भुकेला भाजलेले फुटाणे किंवा ताक ठेवा. फरसाण-बिस्किटं घरात आली की संपतातच, म्हणून ती महिन्याला एक किलो कमी आणा.

उपवासाने वजन उतरतं असं वाटत असेल, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. त्याऐवजी भगर, उकडलेलं रताळं, ताक आणि काकडी घेतली, तर उपवासही होतो आणि खर्चही कमी.

दिवसातून दोनदाच जेवण्याची डॉ. दीक्षितांची पद्धत आणि थोडं थोडं दर दोन तासांनी खाण्याचा आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा सल्ला यांवर महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली. दोन्हींना पैसे लागत नाहीत. दिवसाचं एकूण खाणं ज्याने कमी होईल आणि वर्षभर निभेल, ते आपलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

डबा घेण्याआधी

पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ‘मल्टीग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा असेल, तर ते मैद्याचंच बिस्कीट. वजन उतरवणाऱ्या पावडरीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहा आणि पक्कं बिल मागा. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने निषिद्ध आहे. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

चार माणसांचा महिना

वाचले : तेल २२५, साखर (दीड किलो कमी) ७०, वडापाव २४०, फरसाण-बिस्किटं ३००, तांदूळ-गहू (तीन किलो कमी) १५०. एकूण ९८५ रुपये.

वाढले : भाजी ६००, कडधान्य (दोन किलो) २२०, दही-ताक २७०, माणशी रोज शंभर ग्रॅम पेरू, पपई किंवा केळी ७२०. एकूण १,८१० रुपये.

म्हणजे घराला सव्वाआठशे रुपये जास्त, माणशी दोनशे आणि वर थोडे. फळं एक दिवसाआड केली, तर निम्म्याहून थोडे जास्त. वडापाव कमी करणाऱ्याच्या रोजच्या दोन-अडीचशे कॅलरी घटतात आणि कागदावर महिन्याला एक किलोच्या आसपास वजन उतरतं. रोज अर्धा तास भरभर चालल्यास त्याहून जास्त. याउलट पावडरचा दीड-दोन हजारांचा डबा एका माणसाला महिनाभरही पुरत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी हा हिशेब परस्पर लावू नये. काही न करता वजन उतरत असेल, तर आनंद न मानता तपासणी करावी. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आहारतज्ज्ञाकडे जायचं ठरवलं, तर एका भेटीचे पाचशे ते दीड हजार धरा. जाताना महिन्याच्या किराण्याची यादी बरोबर न्या, आणि तज्ज्ञ त्याच यादीतून आहार बसवून देतात की स्वतःचा डबा विकतात, ते पहिल्याच भेटीत पाहून घ्या.