आचाऱ्याची पेटी

रशियात मॅक्सिम गॉर्की नावाचे मोठे कादंबरीकार होऊन गेले. जन्म १८६८ सालचा. लहानपणी ते व्होल्गा नदीतल्या आगबोटीवर भांडी घाशीत. तिथल्या स्मुरी आचाऱ्याजवळ पुस्तकांची पेटी होती. भारी तिरसट गडी! पण फुरसत मिळाली की पोराला मोठ्याने वाचायला बसवी. समजले नाही, तर पुन्हा वाचायला लावी.

एकदा गोगोल यांची 'तारास बुल्बा' ही गोष्ट निघाली. तीत फितूर झालेल्या पोटच्या पोराला बाप स्वतः गोळी घालतो. ऐकता ऐकता त्या धिप्पाड आचाऱ्याचे डोळे भरून आले. गॉर्कींनी हे आत्मचरित्रात लिहिले आहे. आम्हांला तर हा आचारी फार आवडतो.

याच गॉर्कींची पुस्तके पुढे 'फकिरा' लिहिणाऱ्या आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनी आवडीने वाचली. शाळेत ते गेले होते म्हणे अवघे दीड दिवस.