अंजिराचें झाड व एका वर्षाची मुदत

पाठ: लूक १३:१-९. सोबत वाचावें: लेवीय १९:२३-२५, अनुवाद २०:१९-२०.

एदेन बागेंतील झाडांपासून प्रकटीकरणांतील जीवनाच्या झाडापर्यंत पवित्र शास्त्रांत जागोजागीं झाडें व त्यांचीं फळें ह्यांवरून शिक्षण दिलेलें आहे. त्यांपैकीं एकाच झाडाकडे, म्हणजे द्राक्षमळ्यांतील अंजिराकडे, आम्ही ह्या पाठांत लक्ष देऊं.

प्रथम नियमशास्त्र पाहूं. इस्राएलांनीं कनान देशांत फळझाड लाविल्यावर तीन वर्षें त्याचें फळ खाऊं नये, चौथ्या वर्षाचें सर्व फळ परमेश्वराच्या स्तुतीसाठीं पवित्र मानावें, आणि पांचव्या वर्षीं तें खावें, अशी लेवीयांत आज्ञा आहे. झाडांचें वय मोजण्यासाठीं यहूदी लोक शबाट महिन्याचा १५ वा दिवस झाडांचें नवें वर्ष म्हणून धरितात. अनुवादांत दुसरी आज्ञा आहे. नगरास वेढा घातला असतां तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये. ज्यांस खाण्याजोगें फळ येत नाहीं तींच झाडें वेढ्याच्या कामासाठीं तोडावीं. घाईनें फळ तोडूं नये आणि घाईनें झाडहि तोडूं नये, असा ह्या दोन आज्ञांचा बोध आहे.

आतां प्रभूच्या दाखल्याकडे वळूं. धनी तीन वर्षें फळ शोधीत आला, पण त्यास एकहि अंजीर मिळालें नाहीं. झाड चांगली जमीन अडवून बसलें आहे असें पाहून त्यानें तें तोडण्यास सांगितलें. माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली. परंतु नुसती मुदत मागितली नाहीं, तर भोंवतालीं खणण्याचें व खत घालण्याचें काम आपल्या अंगावर घेतलें. आळें खणणें व शेणखत वाहणें किती कष्टाचें आहे, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको.

खेड्यांतील मंडळ्यांत असा प्रसंग येतो. एकाद्या कुटुंबास बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षें लोटतात, तरी घरांतील दारू सुटत नाहीं, किंवा लग्नासाठीं कर्ज काढणें थांबत नाहीं. मग कोणी म्हणतात, ह्यांचें नांव पटावरून काढा. अशा वेळीं आम्हीं आधीं हें विचारावें: त्या घरीं प्रार्थनेस कोण गेला? त्यांच्या मुलांस शास्त्र वाचावयास कोणीं शिकविलें? अडचणीच्या दिवशीं धान्य घेऊन त्यांच्या दाराशीं कोण उभा राहिला? ज्यानें कुदळ हातीं घेतली नाहीं, त्यानें कुऱ्हाड मागूं नये.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. पिलातानें मारविलेले गालीली आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण ह्यांच्याविषयीं बोलतांना प्रभूनें हा दाखला सांगितला. ते मेले म्हणून इतरांहून अधिक पापी होते काय, असें त्यानें ऐकणाऱ्यांस विचारिलें आणि त्यांनाच पश्चात्तापाची गरज दाखविली. तेव्हां तें झाड म्हणजे शेजारी नव्हे. ऐकणारा स्वतःच तें झाड आहे. उपदेशक, पंच व पाळक हेहि मुदतीवरच उभे आहेत.

आणि मुदत ही मुदतच आहे. झाड सदासर्वकाळ राहूं द्या, असें माळी म्हणत नाहीं. वर्ष भरल्यावर तोडणें तो धन्याच्या हातीं सोंपवितो. पुढें फळ आलें कीं नाहीं हें लूक लिहीत नाहीं. दाखला तेथेंच थांबतो, आणि त्याचा शेवट काय व्हावा हें आमच्या जिण्यावरून दिसावयाचें आहे.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न
१. इस्राएलांनीं चौथ्या वर्षाच्या फळाचें काय करावयाचें होतें?
२. माळ्यानें मुदतीबरोबर कोणतीं दोन कामें पत्करिलीं?
३. ह्या आठवड्यांत आम्ही कोणाच्या घरीं कुदळ घेऊन जाऊं?