माया ठेवून बेत

मनू, परवा फोनवर किती घाईत होतीस गं! मालिकेत पाहिलेला तो मागून फुगलेला निळा रेशमी झगा नाताळच्या सुटीत शिवायचाय, तर ताई, कापड कुठून घेऊ, एवढंच तुला हवं होतं. दुकान भेटीत सांगेन. पण आधी थोडी बस माझ्यापाशी. मँचेस्टरला आल्यापासून बारा वर्षं मी हे जुने इंग्रजी पोशाख शिवतेय, आणि सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं म्हणून माझे महिनेच्या महिने फुकट गेले. तुझे जाऊ नयेत.

मी पहिला झगा शिवला तो १८८५ सालच्या धर्तीचा, तपकिरी लोकरी कापडाचा. माप घेतलं नेहमीच्या सलवार-कमीजवर, कारण इतकी वर्षं तसंच घेत आले होते. झगा झाला, अंगात घातला, तर मागचा सगळा घेर शेपटासारखा पायांत लोंबकळला. तो पेलायला आत काही नव्हतंच. मग कॉर्सेट शिवली, मागे बांधायची बसल केली, परकर केले. त्यात दीड महिना गेला. सगळं चढवून पुन्हा झगा घालते तर तो पुढून लागेचना. कॉर्सेटने छाती वर उचलली होती, पाठ ताठ झाली होती, कंबर बोटभर सरकली होती. माझ्या अंगाचं मापच बदललं होतं. तो सगळा झगा मी उसवला, टीप न् टीप.

म्हणून आतून सुरुवात कर. सगळ्यात आत सुती शेमीज आणि ढगळ ड्रॉवर्स, त्यावर कॉर्सेट, कॉर्सेटच्या कडा वर उमटू नयेत म्हणून पातळ चोळी, मग बसल, मग परकर, आणि मग कुठे झगा. हे सगळं अंगावर असतानाच झग्याचं माप घ्यायचं, आणि दुसऱ्याकडून घ्यायचं. स्वतःचं स्वतः घेताना आपण वाकतो आणि पाठीचं माप हमखास चुकतं.

दुसरं म्हणजे साल ठरव. ‘व्हिक्टोरियन’ म्हटलं की पुरतं, असं तुला वाटतंय, पण राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती. तेवढ्या काळात बायकांचा आकार कितीदा बदलला! १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट निघालं आणि थरावर थर चढवलेल्या परकरांच्या ओझ्यातून बायका सुटल्या. १८७० च्या आसपास तो सगळा घेर मागे गेला. पुढच्या दहा वर्षांत झगा मांड्यांना चिकटेल इतका निमुळता झाला. १८८३ नंतर मागचा फुगवटा परत आला, तोही असा की त्यावर बशी ठेवावी. १८९५ ला सगळी ऐट बाह्यांत. पुढे सातव्या एडवर्डच्या काळात, म्हणजे १९०१ ते १९१०, छाती पुढे आणि नितंब मागे अशी बाकदार चाल आली. तुझा निळा झगा १८८५ च्या सुमाराचा दिसतो, आणि खरं सांगू, पहिल्याच शिवणीला तो घेऊ नकोस. १९०० च्या आसपासचा साधा स्कर्ट आणि वर ब्लाउज घे. त्या काळात ऑफिसात टाइपरायटरवर बसणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मुली हेच घालायच्या. स्कर्ट पाच किंवा सात कळ्यांचा. तू शाळेत असताना मावशीजवळ बसून कळ्यांचा परकर शिवला होतास, आठवतंय? हात तोच लागतो.

आता कॉर्सेट. तुझ्या आवाजात भीती होती, ती मला कळली. श्वास कोंडतो, बरगड्या मोडतात, बायका बेशुद्ध पडतात, हे सगळं ऐकूनच आपण मोठ्या होतो. अंगाबरोबर शिवलेली कॉर्सेट घालून मी दिवसभर उभी राहिलेय, स्वयंपाक केलाय, आगगाडीने लंडनला जाऊन आलेय. पाठ दुखत नाही, उलट आधार वाटतो. काचते ती दुसऱ्याच्या मापाची, तयार विकत घेतलेली. संग्रहालयातल्या कॉर्सेटची चिमुकली कंबर पाहून दचकू नकोस. ती बंद करून मांडलेली असते. अंगावर मागच्या नाडीत दोन-तीन इंचांची फट सोडून बांधायची वहिवाट होती. शिवाय बारीक कंबरेची खरी युक्ती वेगळीच होती. कंबर आवळण्यापेक्षा खांदे, बाह्या, नितंब मोठे दिसतील असं करायचं. त्यासाठी छातीला झालरी आणि नितंबांवर गाद्या सर्रास असत. तूही गादी लाव, नाडी ओढू नकोस. डोळा फसतो आणि तू सुखात राहतेस.

पुस्तकांत पैसे घालायचे असतील तर जॅनेट आर्नल्डचं ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ घे, १८६० ते १९४० वाला भाग. त्या बाईने संग्रहालयांतले खरे कपडे मोजून, उलटून पाहून, एकेका तुकड्याचा आराखडा एक अष्टमांश मापात चौकटींच्या कागदावर काढला. कुठे चुणी, कुठे हूक, कुठे पट्टी, सगळं हाताने लिहिलेलं. कॉर्सेटसाठी नोरा वॉचं १९५४ चं पुस्तक आहे. फॅशनच्या रंगीत चित्रांवर मात्र फार विसंबू नकोस. ती बाई कागदावरची. त्यापेक्षा १८६० नंतरची छोटी पुठ्ठ्यावरची छायाचित्रं बघ. त्यांत कोपरापाशी चुरगळलेलं कापड दिसतं, उंचीला कमी पडलेला झगा दिसतो, खरं अंग दिसतं.

आणि जमेल तेव्हा एक खरा जुना कपडा उलटून बघ. माझ्याकडे १८९० च्या आसपासची एक लोकरी बॉडिस, म्हणजे झग्याचा कंबरेपर्यंतचा वरचा भाग, आहे, गडद जांभळी, जुन्या बाजारातून आणलेली. बाहेरून साधीच. आत मात्र प्रत्येक तुकड्याला रेघांच्या सुती कापडाचं वेगळं अस्तर, दोन्ही एकत्र धरून मारलेली टीप, आणि कडा सुटू नयेत म्हणून हाताने घातलेले तिरपे टाके. कंबरेशी आतून एक पट्टी, फक्त पाठीच्या शिवणींना टाचलेली, पुढे तिचं वेगळं हूक. सगळा ताण ती पट्टी घेते, म्हणून बाहेरच्या बटणांवर ओढ येत नाही. बगलेखाली घामाचा पिवळसर डाग. आणि दोन्ही कुशींच्या शिवणींत, हल्लीच्या टिपेपासून अर्धा इंच आत, जुन्या सुईच्या भोकांची एक रेघ. त्या बाईचं अंग कधीतरी भरलं, आणि शिवणारणीने माया भरपूर ठेवली होती म्हणून तीच बॉडिस पुन्हा चालली. किती वेळा मी ती भोकं बोटाने चाचपलीयेत! तूही कुशीला आणि खांद्याला इंचभर माया ठेव. इथल्या बाजारी पॅटर्नमध्ये ठेवतात ती अपुरी पडते.

पण खरा जुना कपडा अंगात घालू नकोस. हे मी शपथेवर सांगते. माझ्याकडे एक काळी रेशमी बॉडिसही होती. फोटोपुरती, पाच मिनिटं घातली. हात वर केला आणि खांद्यावर वाळलं पान चुरल्यासारखा आवाज झाला. त्या काळी रेशीम जड भरावं म्हणून ते कथिलाच्या क्षारांत बुडवत, आणि तेच क्षार पुढे धागा खातात. शंभर वर्षं जपलेलं एक काम माझ्या हौसेने फाटलं. अजून सलतं ते. कधी जमलं तर लंडनला व्ही अँड ए संग्रहालयाच्या ईस्ट स्टोअरहाउसमध्ये जाऊ. ते २०२५ मध्ये उघडलं, आणि तिथे आधी नोंदवलं तर साठ्यातला कपडा आपल्यासमोर काढून ठेवतात. जाताना टिपणांसाठी पेन्सिल ने.

आईने एकदा मला विचारलं होतं, साहेबाने आपल्याला लुबाडलं, त्याच्या मडमेचे कपडे तू कशाला शिवतेस? तुलाही कुणीतरी विचारेल. त्या प्रश्नाचा राग मानू नकोस, तो खराच आहे. मी तिला कापसाची गोष्ट सांगितली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, तिथला कापूस थांबला, आणि इथल्या लँकेशरच्या गिरण्या बंद पडून हजारो घरं उपाशी राहिली. तेव्हा मुंबईच्या बंदरातून गठ्ठेच्या गठ्ठे लिव्हरपूलला आले, त्यांत आपल्या वऱ्हाडचाही कापूस होता. इथले कामगार हिंदुस्थानातल्या सगळ्याच कापसाला ‘सुरती’ म्हणत आणि वैतागत, कारण धागा आखूड, सारखा तुटायचा. १८६४ सालचा एखादा सुती परकर मी हातात धरते तेव्हा खामगावची बाजारपेठ मला आठवतेच. ज्या बाईने तो घातला तिच्याइतकंच, ज्यांनी कापूस वेचला, ज्यांनी तुटका धागा जोडला, ज्यांनी रात्री दिव्याखाली टाके घातले, त्यांच्यासाठीही मी हे शिकते. आणि आपल्या पणजीच्या फोटोत नऊवारीवर फुग्याच्या बाह्यांचं पोलकं आहे ना, त्या बाह्या आधी इथल्या खांद्यांवर फुगल्या होत्या.

आता कापड. रेशीम विसर. पॉलिस्टर तर आणूच नकोस, ते इस्त्रीला वळत नाही आणि आत उकडतं. पहिला स्कर्ट लोकरीचा किंवा जाडसर सुती कर. पण त्याच्याही आधी मांजरपाटावर बेत. कच्चा शीव, घाल, खाली बस, हात वर कर, जिना चढ. जिथे ओढ लागेल तिथे पेन्सिलने खूण कर, उसव, पुन्हा टाच. मुंढा काखेत अगदी वर आणि लहान ठेव. तुला तो घट्ट वाटेल, पण हात मोकळा हलतो तो त्यामुळेच. खाली ओढला तर हात उचलताना सगळी बॉडिस वर येते.

शनिवारी लीड्सहून सकाळची गाडी पकड. सहा मीटर मांजरपाट मी आणून, धुऊन, इस्त्री करून ठेवते. शेमीज आदल्या आठवड्यात तूच शीव, चार सरळ शिवणींचं काम आहे, आणि येताना घेऊन ये. माप मी घेईन. तसं निळं रेशीम कुठे दिसलं, तर त्याचा एक तुकडा तेवढा मागून आण. तो आपण भिंतीवर टाचून ठेवू, पुढच्या वर्षासाठी.