गोल्डफिश ओळखायची कशी? शेपूट, पाठ, डोकं आणि डोळे पाहा



रोहू, कटला, मृगळ आपल्याला नुसत्या हाताला लागल्यावर कळतात. पण घरी शोभेच्या माशांची टाकी लावायची म्हटलं, की व्यापारी सांगेल ते नाव आणि मागेल तो भाव. म्हणून आज गोल्डफिशचा धडा घेऊ.

गोल्डफिश कार्पच्याच घराण्यातली. कॉमन कार्पच्या तोंडाशी चार मिशा असतात, गोल्डफिशला एकही नसते. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये लोकांनी रंगीत मासे निवडून निवडून वाढवले आणि त्यातून हे सगळे प्रकार झाले. जात मात्र एकच, त्यामुळे त्यांचा आपसात संकर होतो.

ओळखायला चार जागा पाहा.

१) शेपूट: एकेरी शेपूट आणि लांबट अंग असेल तर कॉमन, कॉमेट किंवा शुबुनकिन. कॉमेटची शेपूट लांब असते, शुबुनकिनच्या अंगावर निळसर झाक आणि काळे-लाल ठिपके असतात. हे तिन्ही चपळ आणि काटक. दुहेरी शेपूट आणि अंड्यासारखं अंग म्हणजे फँटेल. डोक्यामागे उंच कुबड असेल तर रियुकिन.

२) पाठ: पाठीवर परच नसेल तर रांचू किंवा लायनहेड. रांचूची पाठ कमानीसारखी वळून शेपटीकडे एकदम उतरते, लायनहेडची त्यामानाने सरळ असते.

३) डोकं: डोक्यावर मांसल टोपी आणि पाठीवर पर असेल तर ओरांडा. ही टोपी म्हणजे रोग किंवा बुरशी नव्हे, बरं का! उगाच औषध टाकू नका.

४) डोळे: बाहेर आलेले डोळे म्हणजे टेलिस्कोप, त्यातला काळा तो ब्लॅक मूर. डोळे आभाळाकडे लागलेले असतील तर सेलेस्टियल. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असतील तर बबल आय. याच्या टाकीत टोकदार दगड नको आणि खरबरीत जाळीही नको, पिशवी फुटते.

शिवाय खवल्यांवर हात न लावता नजर टाका. प्रत्येक खवला मोत्यासारखा फुगलेला दिसला, तर तो पर्लस्केल.

आता हे ओळखून फायदा काय? अंग जितकं गोल, तितका मासा नाजूक. आतली जागा आखडते, मग वाताशयाचा त्रास होतो आणि मासा उलटा तरंगतो. त्याला थोडं थोडं, बुडणारं खाद्य द्या. कॉमेट आणि बबल आय एका टाकीत ठेवले, तर कॉमेट सगळं खाऊन जाईल आणि बबल आय उपाशी राहील. चपळ वेगळे, मंद वेगळे.

गोल्डफिश थंड पाण्यातली. आपल्या आदिलाबादची थंडी तिला सोसते, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा गरम पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो. टाकी सावलीत ठेवा, हवेचा पंप चालू ठेवा, मासे दाटीने ठेवू नका. पहिल्यांदा करणाऱ्यांनी शुबुनकिन किंवा फँटेलपासूनच सुरुवात करावी.

पिल्लं घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. लहानपणी ती मातकट दिसतात, रंग नंतर चढतो. आणि दुहेरी शेपटीच्या जोडीला काही पिल्लं एकेरी शेपटीची होतात, ती निवडून वेगळी काढावी लागतात. भाव ठरवताना हे धरून चाला.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विकली न गेलेली किंवा आजारी गोल्डफिश सातनाला, मत्तडीवागू किंवा गावच्या तळ्यात कोणीही सोडू नका. ती तळाचा गाळ ढवळते, खाद्यात वाटेकरी होते, रोग पसरवू शकते आणि कॉमन कार्पशी तिचा संकरही होतो. टाकीतला शौक टाकीतच राहू द्या, तळ्यावर आपल्या सगळ्यांची चूल चालते.

तुमच्या घरी गोल्डफिश असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. शेपूट, पाठ, डोकं, डोळे पाहून प्रकार मिळून ओळखू!