धातूवर शाई टिकते कशी?

वर्गात आपण कापडावर व कागदावर स्क्रीन छापतो. सुटीत मी घरी तांब्याच्या पत्र्यावर छापायला बसलो, तेव्हा कळले की आजवर निम्मे काम कापडच करीत होते. कापड शाई पिते, कागदही थोडीफार पितो. धातू थेंबभरही पीत नाही. शाई त्याच्या पाठीवर नुसती बसते, आणि मधे तेलाचा अंश असला तर उठून जाते.

निमित्त घरच्या पाटीचे होते. आजोबांची मोडीतली सही जुन्या वहीत सापडली. ती दारावर लागावी, ही आजीची इच्छा. पत्रा पॉलिशने घासून आरशासारखा केला, सही छापली, आजीला दाखवली. चौथ्या दिवशी नख लागताच ती सायीसारखी सुटून आली. आजी काहीच बोलली नाही, याचे अधिक वाईट वाटले.

चूक चकाकीतच होती. पॉलिशने पत्रा गुळगुळीत होतो आणि वर तेलकट थर राहतो. दुसऱ्या खेपेस बारीक काचपेपर ओला करून पत्रा एकसारखा घासला. आजीने चिंच-मीठ लावून डाग काढले, मी साबणाने धुतला. परीक्षा अगदी सोपी आहे. पत्रा उभा धरून पाणी ओतावे. पाण्याचे थेंब तुटले तर तेल शिल्लक आहे, अखंड पडदा राहिला तर गेले. मला तीनदा धुवावे लागले! नंतर पत्रा फक्त कडांनी धरायचा.

कापडासाठी आपण सेंटीमीटरला 43 धाग्यांची जाळी घेतो. तिच्यातून सहीचे बारीक फराटे तुटले. 90 धाग्यांच्या जाळीतून नीट उतरले. शाई धातूसाठीची, दोन डब्यांची एपॉक्सी घ्यावी. डब्यावरील प्रमाणातच हार्डनर मिसळावा आणि काही तासांत संपेल इतकीच कालवावी. काम होताच जाळी धुवावी. शाई आत सुकली तर ती जाळी गेलीच समजा. खिडक्या उघड्या आणि हातमोजे मात्र हवेतच.

पत्र्याच्या चारी बाजूंना तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा लावावा, नाहीतर स्क्वीजी कडेवरून घसरून जाळी फाडते. जाळी पत्र्यापासून दोनेक मिलिमीटर उंच ठेवावी, म्हणजे स्क्वीजी पुढे सरकताच ती मागून सुटते आणि रेघ पसरत नाही.

आठवडाभर पत्र्याला हात लावला नाही. मग सोबत छापलेल्या तुकड्यावर ब्लेडने चौकडी ओरखडली, चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. पट्टी कोरी निघाली. तांबे काळवंडू नये म्हणून पाटीवर पारदर्शक लॅकरचा हात दिला.

आजीला मोडी वाचता येत नाही. अखेरच्या फराट्यावर बोट ठेवून तिने सही ओळखली.