कुरणात घोडी सोडण्याआधी

हॅनोव्हर,
१२ एप्रिल

चि. मुक्ता,

तुझं पत्र पोचलं, घोडीचे फोटोही पाहिले. शांत डोळ्यांची, रुंद छातीची घोडी आहे. पोरीने निवड चांगली केली, असं मी दादाला फोनवर सांगितलंसुद्धा. आता तू विचारतेस की मे महिन्यापासून तिला तबेल्यातल्या इतर घोड्यांबरोबर कुरणात सोडू, की वेगळ्या कुंपणात एकटी ठेवू? एका घोड्याने दुसऱ्याला लाथ मारली तर भुर्दंड कोणाला, या विचाराने तुझी झोप उडाली आहे. माझी सारी नोकरी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात गेली आणि जनावरांच्या फायली बहुतेक माझ्याच टेबलावर येत. म्हणून मला जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहिते.

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. घोडीला कळपात सोड. शेजारी दुसरा घोडा चरत असणं, एकमेकांची मान खाजवणं, एकाने पहारा करायचा आणि दुसऱ्याने पडून झोपायचं, यावर घोड्याचं सुख उभं असतं. एकटा ठेवलेला घोडा लाकूड चावू लागतो, एका जागी डुलत राहतो. जखमेच्या भीतीने तिचं आयुष्य कुंपणाआड घालवणं हा उपाय नव्हे. कळपात धोका राहणारच. तो कोणाच्या खात्यावर पडेल हे आधी कागदावर ठरवून ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि हे काम घोडी कुरणात जाण्यापूर्वीच व्हायला हवं.

आता कायदा. जर्मनीच्या नागरी संहितेचं कलम ८३३ नीट समजून घे. ही संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू आहे. ज्याच्या पदरी जनावर आहे त्याने, त्या जनावराने केलेल्या नुकसानीची भरपाई करायची, असं हे कलम सांगतं. तुझी चूक होती का, तू काळजी घेतली होतीस का, घोडी आजवर गुणी होती का, हे विचारलं जात नाही. जनावर केव्हा बिथरेल, केव्हा लाथ झाडेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तो धोका ज्याने जनावर पाळलं त्याने सोसायचा, एवढाच त्यामागचा विचार. १९०८ साली या कलमात एक सूट घातली गेली. ज्यांचं पोट जनावरावर चालतं, त्यांनी योग्य काळजी घेतल्याचं सिद्ध केलं तर ते सुटू शकतात. हौसेने घोडी पाळणाऱ्या तुला ती सूट नाही.

पण दोन घोड्यांच्या भांडणात एक दुसरी बाजू येते. समज, शेजारणीच्या घोड्याने तुझ्या घोडीला लाथ मारली. शेजारीण जबाबदार, हे खरं. तरी न्यायालय विचारेल की त्या क्षणी तुझी घोडी काय करत होती? ती गवतासाठी पुढे घुसली का, तिने कान मागे पाडून आधी चावा काढला का? तिच्या अंगच्या जनावरपणाचाही यात वाटा असतो, आणि तो तुझ्या भरपाईतून वजा होतो. दोघांनी सारखीच धुसफूस केली असेल तर भरपाई अर्ध्यावर येऊ शकते. सगळी रक्कम मिळेलच असं गृहीत धरू नकोस.

कुठल्या घोड्याने मारलं हेच कळलं नाही तर? ८३० कलमात अशी तरतूद आहे की धोका निर्माण करण्यात अनेक जण सामील होते आणि नेमका कोण ते ठरवता येत नाही, तर प्रत्येक जण जबाबदार. पण त्यासाठी ते घोडे त्या झटापटीत खरोखर सामील होते आणि जखम तारेने किंवा खांबाने झालेली नाही, हे दाखवावं लागतं. नुसतं त्या कुरणात असणं पुरेसं धरलं जाईलच असं नाही. सकाळी घोडी लंगडताना सापडली आणि रात्री काय झालं कोणी पाहिलं नाही, असे दावे बहुधा इथेच अडतात.

एक फाईल तुला सांगते. एका मुलीचा घोडा कुरणातून परत आला तेव्हा त्याच्या मागच्या पायाला, आतल्या बाजूला, नखाएवढी जखम होती. रक्त थोडंसं, चाल ठीक. तिने निळा स्प्रे मारला आणि घरी गेली. तिसऱ्या दिवशी घोडा पाय टेकेना. त्या जागी कातडीखाली मांस नसतंच म्हण ना, लगेच हाड. एक्स-रे काढला तर नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. अशी चीर असलेला घोडा आडवा झाला आणि उठताना त्याने जोर लावला, तर हाड दुभंगतं आणि मग बहुतेक वेळा त्याला वाचवता येत नाही. म्हणून त्याला डोकं वर बांधून कित्येक आठवडे उभंच ठेवावं लागलं. घोडा वाचला, बिल हजारोंच्या घरात गेलं. लाथ मारणाऱ्या घोड्याचा विमा होता, पण पहिल्या दिवसाचा फोटो नाही, नोंद नाही, आणि ज्या पोराने झटापट पाहिली होती त्याला महिन्याभराने घोड्याचा रंगही नक्की सांगता येईना. दावा फेटाळला गेला. रोज एकत्र रपेटीला जाणाऱ्या त्या दोन मालकिणी पुढे एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. म्हणून सांगते, पायाच्या आतल्या बाजूची किंवा सांध्याजवळची जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी डॉक्टरला बोलाव.

डॉक्टरांच्या बिलाचीही कल्पना असू दे. पशुवैद्यांच्या शुल्काचा सरकारी तक्ता २२ नोव्हेंबर २०२२ पासून बदलला आणि दर बरेच वाढले. डॉक्टर मूळ दराच्या १ ते ३ पट आकारू शकतात. रात्री-अपरात्री किंवा सुटीच्या दिवशी तातडीने यावं लागलं तर ४ पटींपर्यंत, शिवाय ५० युरो तातडीचं शुल्क आणि सगळ्यावर कर. मात्र संहितेच्या २५१ कलमात एक दिलासा आहे. उपचाराचा खर्च जनावराच्या किमतीहून बराच जास्त झाला, एवढ्याच कारणाने तो अवास्तव ठरत नाही. म्हातारा, बाजारात किंमत नसलेला घोडाही उपचाराला पात्र आहे, हे इथल्या कायद्याने मान्य केलं याचं मला मोठं मोल वाटतं.

आता विमा. तुझ्याकडे नेहमीची प्रिवाट-हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे खाजगी दायित्व विम्याची पॉलिसी, आहे असं तू लिहितेस. तिच्यात मांजर येतं, घोडा येत नाही. घोड्यासाठी हाफ्टफ्लिश्टची वेगळी पॉलिसी लागते. आपल्या नीडरझाक्सेन राज्याच्या मुद्रेवर पांढरा घोडा आहे, पण विम्याची सक्ती इथे कुत्र्यासाठी आहे, घोड्यासाठी नाही. तेव्हा सक्ती नाही म्हणून कोणी टाळायला सांगितलं तर ऐकू नकोस. तुझ्या जबाबदारीला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. कुरणातली लाथ काही हजारांत निभावेल, पण कुंपण तोडून घोडी रस्त्यावर गेली आणि गाडीतला माणूस जायबंदी झाला, तर जन्मभर फेडत बसावं लागेल. पॉलिसींमध्ये ५० लाख, १ कोटी युरो अशा रकमा असतात. त्या पाहून दचकू नकोस, मोठीच घे.

पॉलिसी वाचताना काही गोष्टी बारकाईने बघ. तू आठवड्यातून काही दिवस दुसऱ्या मुलीला स्वारीला देणार आहेस, म्हणजे राइटबेटाइलिगुंग. ती मुलगी पॉलिसीत धरली आहे का? भाड्याचा बॉक्स, कुंपण घोडीने मोडलं तर ते येतं का? ज्याच्या घोड्याने नुकसान केलं त्याच्याकडे विमाही नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी तुझीच कंपनी तुला भरपाई देईल अशी पुरवणी आहे का? ती जरूर घे. आणि हेही लक्षात ठेव की कोणी अवाजवी मागणी केली तर ती परतवून लावणं, त्यासाठी वकील देणं, हेही याच विम्याचं काम आहे.

हाफ्टफ्लिश्ट दुसऱ्याचं नुकसान भरते. तुझ्या स्वतःच्या घोडीसाठी ती एक पैसाही देत नाही. उद्या तू दुसरा घोडा घेतलास आणि तुझ्याच दोघांत मारामारी झाली, तरी काही मिळणार नाही. घोडीसाठी शस्त्रक्रियेचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात सुरुवातीला काही काळ थांबावं लागतं आणि आधीपासूनचे आजार धरत नाहीत. म्हणून ती तरणी, निरोगी आहे तोवरच घे. कोणी लाथ मारली हे सिद्ध झालं नाही, तरी हा विमा उपयोगी पडतो.

तिसरा कागद म्हणजे तबेल्याचा करार. तबेल्याच्या मालकीणबाई करारानुसार घोडीची देखरेख करतात, म्हणून ८३४ कलमाखाली त्यांच्यावरही जबाबदारी येते, पण योग्य काळजी घेतल्याचं त्यांनी दाखवलं तर त्या सुटतात. त्यांच्या धंद्याच्या विम्यात सांभाळायला ठेवलेल्या घोड्यांचं नुकसान धरलं आहे का, हे स्पष्ट विचार. छापील करारात ‘तबेला कशालाही जबाबदार नाही’ असं लिहिलेलं असतं. घोर निष्काळजीपणाची किंवा माणसाच्या जिवाची-शरीराची जबाबदारी अशी छापील ओळीने झटकता येत नाही. आणखी एक ओळ शोध: काही ठिकाणी सगळ्या मालकांनी कुरणातल्या जखमांसाठी एकमेकांकडे काही मागायचं नाही, असं ठरलेलं असतं. तसं असेल तर प्रत्येकाने आपापल्या घोड्याचा खर्च सोसायचा, आणि मग शस्त्रक्रियेचा विमा तुला घ्यावाच लागेल.

कळपात सोडण्याची रीतही ठरवून घे. आधी काही दिवस कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे ओळख व्हावी. मागच्या पायांचे नाल काढलेले असावेत. लोखंडाची लाथ आणि उघड्या खुराची लाथ यांत फार फरक आहे. गवत टाकण्याच्या जागा घोड्यांपेक्षा जास्त आणि दूर दूर हव्यात. कोंडी होईल असा कोपरा नको. पहिल्या दिवशी तू स्वतः तिथे थांब.

आणि तरीही काही घडलंच तर डॉक्टर पहिला, मग फोटो: जखमेचे, जमिनीचे, कुंपणाचे. ज्याने पाहिलं त्याच्याकडून तारीख-वेळेसह चार ओळी लिहून घे. तुझ्या घोडीने कोणाला जखमी केलं असेल तर विमा कंपनीला एका आठवड्याच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. समोरच्याला धीर दे, विचारपूस कर, पण किती पैसे देईन याचा आकडा बोलू नकोस. पूर्वी कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर विमाच बुडण्याची भीती असे. २००८ च्या विमा करार कायद्याने ती अट रद्द केली. तरी तू न्याय्य रकमेपेक्षा जास्त कबूल केलंस तर वरचा भार तुझा. आणि जखम तुझ्या घोडीला झाली असेल तर मागणी करायला तीन वर्षं असतात, त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजलेली. पण मुदत आहे म्हणून थांबू नकोस. पुरावा तितका टिकत नाही.

शेवटी, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे भरपाई मागणं म्हणजे समोरच्यावर ठपका ठेवणं असं मानलं जातं, आणि भिडस्त माणूस गप्प बसतो. इथला कायदा दोष विचारतच नाही. मग शेजारणीच्या विम्याकडे अर्ज करताना तू तिला दोषी म्हणत नाहीस, आणि तिने तुझ्याकडे मागितलं तर तिने तुझा अपमान केलेला नाही. हे दोघींना आधीच कळलेलं असलं की लाथ घोड्यांपुरतीच राहते. म्हणून मेच्या आधी कुरणातल्या सगळ्या मालकांना कॉफीला बोलाव, कोणाकडे कोणता विमा आहे हे मोकळेपणाने विचार, आपला सांग. नवख्या परदेशी मुलीने हे कसं विचारावं, असा संकोच धरू नकोस. जबाबदारीने घोडी पाळणाऱ्याचा तो हक्कच आहे.

करारावर सही करण्याआधी त्याची प्रत आणि दोन्ही पॉलिसींचे मसुदे मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचून, शंका असतील तिथे खुणा करून परत पाठवीन. मग घोडी बिनधास्त सोड.

घोडीला सांभाळ, स्वतःला सांभाळ.

तुझी,
मालूआत्या